वाळीत न टाकता वाडीचं काम कसं चालवावं

भातकापणी आटोपली की वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घालायचा असतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणी, माती-वाळू आणि घरटी एक माणूस. दोन-चार घरं येत नाहीत, आणि बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "त्यांच्या दारात पालखी नेऊ नका." विषय तिथेच थांबवावा.

वाळीत टाकण्याच्या धाकानं माणूस एखाद वेळ येतो. खरंच टाकला की त्याचे हात जातात, त्याच्या भावकीचेही जातात. उरलेले येतात, पण भीतीपोटी. गोणी कुठे झिरपतेय ते दिसूनही बोलत नाहीत. वगळलं जाणं किती लागतं, हे मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळातून दाखवलं. अनोळखी खेळाडूंनी चेंडू देणं थांबवलं, एवढ्यानंही माणसं खट्टू झाली. इथे तर जन्माचे शेजारी आहेत.

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायच्या मासेमारीचा, नियम बघा. दोर ओढायला आला नाही, तर त्या दिवसाचा वाटा नाही. उद्या आला, तर उद्याचा वाटा आहेच. शिक्षा कामापुरती आणि दिवसापुरती. बंधाऱ्यालाही तेच लावावं.

काम ठरतानाच वहीत लिहा: घरटी एक माणूस, किती दिवस, कोणती तारीख. मुंबईकर घरानं बदली माणूस द्यावा किंवा तेवढ्या दिवसांची मजुरी. म्हाताऱ्या माणसांच्या घराकडे गोणींची तोंडं सुतळीनं शिवण्याचं काम द्या. 'माफ' लिहू नका, माफीचं घर हळूहळू मोजणीतून सुटतं.

पहिल्यांदा कुणी चुकला तर दोघांनी घरी जाऊन विचारावं, चारचौघांत नाही. बरेचदा आजारपण किंवा जुना बांधाचा वाद निघतो. दुसऱ्यांदा पंधरा दिवसांत भरपाईचा दिवस द्या. तिसऱ्यांदा एका दिवसाच्या मजुरीइतकी भरपाई मागा, पावती द्या, पैसे बंधाऱ्याच्याच खात्यात टाका. त्यातून जेवणावळ केली की नियमावरचा विश्वास उडतो. मानकऱ्यालाही तोच दर. नाही भरली तर नोंद ठेवून पुढच्या बैठकीत बोला. त्यापुढे पायरी नाही.

पाणी, वाट, दुकान, पालखी, गणपतीची आरती, मयताला खांदा: यांना हात लावायचाच नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ठराव लिहिला नाही म्हणून सुटका होत नाही.

आधीच कुणी वाळीत असेल, तर नुसतं "या" म्हणून तो येणार नाही. ज्यांनी तोंड फिरवलं त्यांनीच दारात जावं, आणि त्याला काम सांगावं: पहार घेऊन ये, पायाचा दगड तू बसव.