शिष्यवृत्तीचा अर्ज भरताय? आधी शिफारसपत्रांचं बघा

गेल्या वर्षी एका फेलोशिपसाठी अर्ज केला होता. निबंध सात वेळा लिहिला, गुणपत्रिका नीट स्कॅन केल्या, मुदतीच्या दोन दिवस आधी ‘सादर करा’ दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली आणि मी निवांत झोपले. तीन आठवड्यांनी मेल आला, अर्ज अपूर्ण असल्यामुळे विचारात घेता येणार नाही. तीनपैकी दोनच शिफारसपत्रं पोचली होती. तिसऱ्या मॅडमना पत्र चढवण्यासाठी अर्जाच्या पोर्टलवरून (वेबसाइटवरून) जाणारी लिंकच मिळाली नव्हती, कारण मी त्यांचा जुना ईमेल टाकला होता. त्या दीड वर्षापूर्वी दुसऱ्या विद्यापीठात गेल्या होत्या. मला हे माहीत नव्हतं अशातलाही भाग नाही. त्यांच्या निरोपसमारंभात भाषण मीच केलं होतं.

यंदा पुन्हा भरतेय. ही यादी त्यासाठीच केली, तुमच्या उपयोगी पडली तर घ्या.

शोधण्यापासून सुरुवात. फुलब्राइट (अमेरिकेची, 1946 पासून), चेव्हनिंग (ब्रिटनची, 1983 पासून), ऱ्होड्स (ऑक्सफर्डची) ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, म्हणून अर्जही तिथेच ढिगाने पडतात. तिकडे भरायचं तर भरा, पण आधी आपल्या विभागाच्या कार्यालयात जाऊन बसा. एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या स्मृतीत ठेवलेली, विचित्र अटींची छोटी शिष्यवृत्ती, प्रबंधाचं पारितोषिक, परिषदेला जाण्यासाठीचं अनुदान, उन्हाळी कार्यशाळेची फीमाफी, हे सगळं तिथल्या फलकावर टाचून ठेवलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. वाचताना एक गोष्ट बघा: अर्ज आपण करायचा आहे की विभागाने नाव सुचवायचं आहे? नोबेलला स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही, हे ठाऊक असतं. विद्यापीठातल्या कित्येक पुरस्कारांचंही तसंच असतं, हे मात्र शेवटच्या आठवड्यात कळतं. नाव विभागाकडून जायचं असेल तर विभागाची अंतर्गत मुदत वेगळी असते आणि ती बाहेरच्या मुदतीच्या बरीच आधी संपते. वहीत ती अंतर्गत तारीख लिहा.

पात्रतेचे नियम यंदाचे वाचा, मागच्या वर्षीची पीडीएफ मैत्रिणीकडून घेऊन नको. नियम बदलतात. ऱ्होड्स 1977 पर्यंत बायकांना बंदच होती. वयाची किंवा वर्षांची अट असेल तर ती कोणत्या तारखेला मोजायची हे शोधा. गणितातल्या फील्ड्स पदकाला चाळिशीची अट आहे, पण ती मोजतात पदक देण्याच्या वर्षीच्या 1 जानेवारीला. युरोपातल्या मारी स्क्वोडोव्स्का-क्युरी फेलोशिपला अर्जाच्या मुदतीआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. असले हिशेब बोटांवर करू नका, कॅलेंडर घेऊन बसा.

आता शिफारसपत्रं. इथे घाई करू नका, कारण मी केली होती.

किमान सहा आठवडे आधी विचारा. विचारताना ‘पत्र द्याल का?’ एवढंच नको, ‘माझ्याबद्दल जोरकस लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?’ असं विचारा, म्हणजे ज्यांना जमणार नाही त्यांना सुटायला वाट राहते. कोमट पत्रापेक्षा नकार बरा. होकार मिळाला की एकाच मेलमध्ये सगळं द्या: शिष्यवृत्तीची माहिती, निवड समिती काय बघते ते, तुमचा सीव्ही, निबंधाचा मसुदा, पत्राची शेवटची तारीख, आणि त्यांच्याकडे तुम्ही नेमकं काय केलं होतं त्याच्या चार ओळी. हो, त्यांना आठवण करून द्यावी लागते. तुमच्यासारखे शंभर विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेलेले असतात.

आणि मग, त्याच मेलमध्ये, हे विचारा: ‘पोर्टलवर तुमचा कोणता ईमेल टाकू?’ सीव्हीवरून उतरवून घेऊ नका, जुन्या मेलच्या साखळीतून शोधू नका, पत्ता आपोआप भरणाऱ्या ब्राउझरवर तर अजिबात विसंबू नका. विचारा. काही पोर्टलं जीमेलसारखे खासगी पत्ते घेतच नाहीत, विद्यापीठाचाच मागतात. निवृत्त प्राध्यापकांची तिथे पंचाईत होते, तेव्हा तेही आधीच बघून ठेवा.

पुढची गोम म्हणजे ती लिंक कधी जाते. काही पोर्टलांवर नाव आणि ईमेल जतन केला की लगेच जाते. काहींवर ‘विनंती पाठवा’ असं वेगळं बटण असतं आणि ते दाबल्याशिवाय काहीच होत नाही. काहींवर तर तुमचा अर्ज सादर झाल्यावरच जाते. म्हणजे तुम्ही शेवटच्या रात्री अर्ज केलात तर तुमच्या सरांच्या हातात पत्रासाठी एक रात्र उरते, आणि ते झोपलेले असतात. पत्रांची मुदत कधी तुमच्या मुदतीबरोबर संपते, कधी आठवडाभराने. नियमावलीत असतं, वाचा.

लिंक गेली, याचा अर्थ पोचली असा नाही. ती यंत्राने पाठवलेली मेल असते, स्पॅममध्ये सहज जाते. म्हणून त्याच दिवशी फोन करा: ‘मॅडम, लिंक आली का? स्पॅममध्ये बघता का जरा?’ संकोच वाटतो. मलाही वाटला होता, म्हणून मी फोन केला नाही आणि एक वर्ष घालवलं.

लिंक पोचली, याचा अर्थ पत्र चढलं असाही नाही. पोर्टलवर तुमच्या अर्जाची स्थिती एका पानावर दिसते आणि शिफारसकर्त्यांची दुसऱ्याच. हिरवी खूण पहिल्या पानावर असते. दुसरं पान उघडा. प्रत्येक नावापुढे ‘प्राप्त’ असं दिसेपर्यंत रोज उघडा. मुदतीच्या आधी दहा दिवस, पाच दिवस आणि दोन दिवस नम्र आठवण करा. कुणी रागावत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं. आणखी एक जण राखीव ठेवा, ज्यांना आधीच सांगून ठेवलंय की वेळ पडली तर तुमचं नाव टाकेन.

एका कामासाठी गेलेलं पत्र दुसऱ्यालाही चालेल असं गृहीत धरू नका. केंब्रिज विद्यापीठाच्या गेट्स केंब्रिज शिष्यवृत्तीसारख्या ठिकाणी प्रवेशासाठीची दोन शैक्षणिक पत्रं वेगळी आणि शिष्यवृत्तीसाठीचं पत्र वेगळं लागतं. ‘माझी पत्रं गेलीत की’ असं म्हणणाऱ्याने कोणती गेली ते मोजावं.

कागदपत्रं. ट्रान्सस्क्रिप्ट (विद्यापीठाचा सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) आजच मागवा, परीक्षा विभाग आपल्या चालीने चालतो. नाव सगळीकडे सारखंच हवं: पासपोर्टवर एक, पदवीवर दुसरं असेल तर प्रतिज्ञापत्र वगैरे करायला वेळ लागतो. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं चालतात. पासपोर्टची मुदत बघा. फाइलच्या आकाराची मर्यादा असते, म्हणून स्कॅन करतानाच फाइल हलकी ठेवा, नंतर दाबून लहान केली की शिक्का वाचता येत नाही. फाइलच्या नावात स्वतःचं आडनाव घाला, ‘फायनल नवीन 3’ नको. बाकी फोटो, सही, तुम्ही लहान नाही.

निबंधाबद्दल सगळेच सांगतात, मी दोनच गोष्टी सांगते. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, आणि अक्षरांची असेल तर मोकळ्या जागा त्यात धरतात का, हे आधी तपासा. वरच्या मारी क्युरी फेलोशिपच्या प्रस्तावाला मुख्य भागासाठी 10 पानांची मर्यादा आहे, अकरावं पान परीक्षक बघतच नाहीत. दुसरं म्हणजे निबंधात दुसऱ्या शिष्यवृत्तीचं नाव राहिलंय का ते शोधून बघा. हसू नका, राहतं.

सादर करण्याचा दिवस. वेळ कुठली ते बघा. ‘ब्रसेल्सची वेळ संध्याकाळी पाच’ म्हणजे तुमच्या घड्याळात किती? काही परिषदांची अनुदानं ‘पृथ्वीवर कुठेही’ अशी मुदत देतात, म्हणजे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) 12 तास मागची वेळ. तेवढी सवलत असते, पण तिच्यावर जगू नका. शेवटच्या तासात पोर्टल रांगते. सादर केल्यावर पोचपावतीची पीडीएफ उतरवून घ्या. आणि ते दुसरं पान. पुन्हा उघडा. तिन्ही नावांपुढे ‘प्राप्त’ आहे? मग झोपा.

मुलाखत. स्वतःचा अर्ज परत वाचून जा, कारण त्यातलंच विचारतात. व्हिडिओवर असेल तर आवाज आदल्या दिवशी तपासा. ‘आम्ही तुम्हालाच का द्यावी?’ याचं उत्तर मोठ्याने तीनदा म्हणून बघा. एवढंच.

प्रवास अनुदान असेल तर मंजुरीचं पत्र आल्याशिवाय तिकीट काढू नका. आधी झालेला खर्च बहुतेक ठिकाणी देत नाहीत. बोर्डिंग पास, नोंदणीची पावती, हजेरीचं प्रमाणपत्र एका पाकिटात ठेवा. परत आल्यावर अहवाल लिहायचा असतो, तो महिन्याच्या आत उरकून टाका. दोन ठिकाणचे पैसे एकदम मिळाले तर दोघांनाही कळवा, लपवलं तर परत मागतात.

निकाल लागला की, मिळो न मिळो, पत्र देणाऱ्या प्रत्येकाला कळवा. त्याच मेलमध्ये विचारून ठेवा की पुढच्या वर्षीही हाच ईमेल चालेल ना.