ॲनेमोनीला औषध सुरू करण्याआधी

ॲनेमोनी, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात पाळतात तो फुलासारखा दिसणारा समुद्रप्राणी, एकदा पिचकलं म्हणून लगेच औषधाला धावू नये. पोटातली घाण बाहेर टाकतानाही ते आकसतं आणि काही तासांत पुन्हा फुलतं. पण ते रोज पिचकू-फुगू लागलं, तोंड सैल उघडं राहिलं, त्याचे पाकळ्यांसारखे हात आपल्या हातमोज्याला चिकटेनासे झाले, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. प्रवासात पिशवीत दमून आलेल्या ॲनेमोनीत हे जास्त दिसतं. आधी मोठ्या टाकीतला खारेपणा, तापमान आणि अमोनिया तपासा. दोष पाण्याचा असेल, तर औषध काही करणार नाही.

अशा संसर्गावर मत्स्यालय पाळणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक वापरतात. साधारण ३८ लिटरच्या वेगळ्या टाकीला २५० मिलिग्रॅम, आठवडाभर, रोज सगळं पाणी बदलून. खरी तयारी या शेवटच्या चार शब्दांची आहे.

३८ लिटर सात दिवस म्हणजे २६६ लिटर खारं पाणी आणि त्याला जवळजवळ १० किलो मत्स्यालयाचं मीठ. हे सगळं मीठ पहिल्या दिवशीच घरात हवं. गेल्या पावसाळ्यात माझं मीठ चौथ्या दिवशी संपलं, मागवलेलं आलं नाही, आणि मी दोन दिवस अर्धंच पाणी बदलत राहिलो. सहाव्या सकाळी झाकण उघडलं तेव्हा आलेला वास मी विसरलेलो नाही. इथे गोव्यात मिरामारला जाऊन समुद्राचं पाणी आणावं असं तेव्हा मनात आलं होतं. पण पावसात मांडवी आणि जुवारी या नद्या इतकं गोडं, गढूळ पाणी ओततात की किनाऱ्यावरच्या पाण्याचा भरवसा धरता येत नाही. विहिरीचं किंवा नळाचं पाणीही तसंच वापरू नका. आरओचं पाणी आदल्या रात्रीपासून साठवा, झाकणाच्या पिंपात मीठ विरघळवून पंप लावून ठेवा, आणि खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश, दोन्ही जुन्या पाण्याशी जुळल्याशिवाय ओतू नका.

औषधासाठी पशुवैद्याकडे जा. ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळू नये असाच नियम आहे. घेताना पाकीट नीट वाचा: सिप्रोफ्लॉक्सॅसिनसोबत टिनिडाझोल असलेल्या गोळ्याही सर्रास मिळतात, त्या नकोत. गोळी कुटायला वेगळा खलबत्ता ठेवा, तो पुन्हा स्वयंपाकघरात नको. हे औषध उजेडात निकामी होतं, म्हणून संध्याकाळी पाणी बदलून टाकीचा दिवा मालवल्यावरच ते सोडायचं.

उपचाराची टाकी साधी: रेती नाही, गाळणीतला कार्बन नाही, फेस काढून पाणी साफ करणारा स्किमर नाही. हीटरला जाळीदार आवरण, पंपाच्या तोंडाला स्पंज, नाहीतर भटकणारं ॲनेमोनी त्यात ओढलं जाऊन फाटतं. ॲनेमोनीचा पाय, म्हणजे बूड, दगडाला घट्ट असेल तर ओरबाडू नका; पायाला झालेली जखम बहुधा जिवावर बेतते. छोटा दगड असेल तर दगडासकट हलवा. या दिवसांत खाऊ घालायचं नाही.

जून ते सप्टेंबर लाईट जातेच, तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा. मे महिन्यात उलट अडचण: आपल्या दमट हवेत पंख्याने पाणी फारसं निवत नाही, म्हणून फ्रिजरमध्ये बर्फाच्या बंद बाटल्या हव्यात. आणि तारखा बघा. चवथीला सगळं घर मूळ गावी जाणार असेल, तर त्या आठवड्यात सुरुवात करू नका. रोज संध्याकाळी त्याच वेळी बादल्या उचलणारं माणूस घरात हवं.

वापरलेलं पाणी कुठे जाणार, हेही आधीच ठरवा. ते व्हाळात, शेतात किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात गेलं, तर औषध आणि औषधाला सरावलेले जंतू आपल्याच पाण्यात उतरतात. उघड्या बादल्यांत ब्लीचिंग पावडर घालून दोन दिवस उन्हात ठेवा, पोरांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून दूर, मगच सांडपाण्याच्या गटारात सोडा.