माहुरझरी शोधताना: सायटेशन डेटाबेस आणि वारसा-अभ्यास

सांस्कृतिक वारशाच्या विषयात पीएच.डी.साठी नव्याने नोंदणी करणाऱ्यांना मी आधी माझ्याच आराखड्यातले एक वाक्य सांगतो. 'विदर्भातील महापाषाणीय शिळावर्तुळांवर फारसे संशोधन झालेले नाही,' असे मी प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांविषयी लिहिले होते आणि आधार म्हणून स्कोपस या सायटेशन डेटाबेसमधील, म्हणजे कोणत्या लेखाने कोणाचा संदर्भ दिला याची नोंद ठेवणाऱ्या संग्रहातील, शोधाचा तक्ता जोडला होता. नागपुरात समितीसमोर सादरीकरण सुरू असताना एका ज्येष्ठ सदस्यांनी तो तक्ता बाजूला ठेवून विचारले, "देव सरांचे उत्खनन अहवाल पाहिलेत का?" मी ते पाहिले नव्हते. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांचे टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथील उत्खननांचे अहवाल नागपूर विद्यापीठानेच १९७० आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी तर या भागातील शिळावर्तुळांविषयी १८७९ मध्येच लिहून ठेवले होते. आराखडा परत आला, आणि तो परत येणे योग्यच होते.

हे अहवाल मला का दिसले नाहीत, याचा शोध घेतल्यावर डेटाबेसची घडण समजू लागली. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला तो विज्ञानासाठी, जिथे ज्ञानाचे मुख्य वाहन नियतकालिकातील लेख हेच असते. आपल्या विषयात मात्र उत्खनन अहवाल, ताम्रपटांचे वाचन आणि संग्रहालयाची सूची यांनाच मूळ साधनांचे स्थान आहे, आणि नियतकालिकांभोवती उभ्या राहिलेल्या या डेटाबेसमध्ये ग्रंथांचा समावेश उशिरा आणि तुटकपणे झाला. शिवाय स्कोपसमध्ये प्रवेश मिळण्यासाठी नियतकालिकाला इंग्रजी शीर्षक व सारांश आणि रोमन लिपीतील संदर्भसूची द्यावी लागते, त्यामुळे देवनागरीत तळटिपा देणारे मराठी वार्षिक कितीही कसदार असले तरी दारातच अडते. वा. वि. मिराशी यांचा वाकाटकांच्या कोरीव लेखांवरील १९६३ चा इंग्रजी ग्रंथ रामटेक किंवा नगरधनवर काम करणाऱ्याला आजही आधी उघडावा लागतो, पण मागील दोन वर्षांतील लेखांना मिळालेली उद्धरणे (सायटेशन) मोजणाऱ्या, नियतकालिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या गणितात अशा ग्रंथाला जागाच नाही.

याचा परिणाम विषयनिवडीवर होतो, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. 'कल्चरल हेरिटेज' असा शोध घेतला की रंगद्रव्यांचे पृथक्करण, लेझरने केलेली स्वच्छता, त्रिमितीय स्कॅनिंग आणि पर्यटन यांवरील लेखांची रांग लागते. ते काम मोलाचे आहे. परंतु डेटाबेसमधील नोंदींचे नकाशे काढणाऱ्या व्हीओएसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरच्या नकाशावर एक वर्तुळ मोठे दिसते म्हणून विद्यार्थी तिकडे वळतो आणि ज्या गावातील शिळावर्तुळे शेताच्या सपाटीकरणात नाहीशी होत आहेत ते गाव नकाशावर उमटतच नाही, तेव्हा त्या गावाकडे जाणारा अभ्यासक आपण गमावलेला असतो. हा नकाशा आपण त्यात घातलेल्या नोंदींचाच असतो, संपूर्ण विषयाचा नव्हे.

तरीही डेटाबेस सोडून देऊ नका, कारण नेमका प्रश्न विचारला तर तो खूप काही देतो. पहिली गोष्ट स्पेलिंगची. माहुरझरीतील 'झ' कोणी 'जे-एच' असा लिहितो, कोणी 'झेड' असा, आणि दोन्ही प्रकारे शोधल्यावर मला वेगवेगळे लेख मिळाले. दुसरी आणि अधिक उपयोगाची गोष्ट म्हणजे वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या सायटेशन डेटाबेसमधील 'साइटेड रेफरन्स सर्च'. तिथे लेखकाचे आडनाव आणि प्रकाशनवर्ष घातले की ज्या ग्रंथाची स्वतंत्र नोंदच नाही त्याचाही उल्लेख करणारे लेख सापडतात. देवांचा अहवाल तिथे एकाच रूपात नव्हता. कुठे नावाची आद्याक्षरे अर्धी होती, कुठे शीर्षक तोडलेले होते आणि कुठे वर्षच वेगळे पडले होते. ती सगळी रूपे एकेक करून निवडावी लागली, आणि त्यांतून पुढे आलेल्या लेखांच्या संदर्भसूचींनी मला पुन्हा ग्रंथालयातील कपाटांकडे पाठवले.

कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांनी आणि भाषेची कोणती चाळणी लावून शोध घेतला, हे प्रबंधाच्या पद्धतीविषयक प्रकरणात लिहा आणि हाताने मिळवलेल्या साधनांची यादी वेगळी द्या. माझ्या दुसऱ्या आराखड्यात असे दोन तक्ते होते, आणि त्यांतील हाताने मिळवलेल्या साधनांचा तक्ता अधिक लांब होता.