इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधावं

गोष्ट जितकी रंगतदार, तितका माझा संशय जास्त. ‘पॉश’ ही म्हणे जहाजाच्या तिकिटावरच्या ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरं! अशी तिकिटं कुणाला सापडलेली नाहीत. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची टूम मुख्यतः विसाव्या शतकातली. ‘लेझर’ खरोखर तसा बनला, पण विसाव्या शतकाआधीच्या शब्दाबद्दल कुणी असं सांगितलं की खुशाल कानाआड करा.

मग ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश उघडा. आजचा अर्थ सोडा, आधी सर्वांत जुना अर्थ आणि त्याचं साल बघा. ‘नाइस’ घ्या. लॅटिन ‘नेस्कियस’ म्हणजे अडाणी. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला तोही ‘मूर्ख’ या अर्थानेच. पुढे चिकित्सक, नाजूक, काटेकोर अशी वळणं घेत अठराव्या शतकात ‘छान’ झाला. मधली एक जरी पायरी गाळली तरी अडाण्याचा छान कसा झाला हे कळतच नाही.

स्पेलिंगवर मात्र भिस्त ठेवू नका. ‘आयलंड’मधला न उच्चारला जाणारा एस पंडितांनी घुसडलेला आहे. शब्द अस्सल जर्मॅनिक घराण्यातला, पण लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेल्या ‘आइल’ या बेटासाठीच्याच दुसऱ्या शब्दाशी त्याचं नातं आहे असं समजून त्याला ते अक्षर चिकटवलं.

‘सॅलरी’चं काय? लॅटिन ‘सलारियम’चा मिठाशी संबंध आहे, हे खरं. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मिळायचं, याला पुरावा नाही.