ब्लेनी माशाचं पोट खपाटीला गेलं होतं, त्यावर हा उपाय चालला
नेरूळच्या घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत लॉनमोअर ब्लेनी आहे. दिवसभर काच चाटायचा, तरी पोट आत गेलेलं. पेलेट तोंडात घेऊन थुंकायचा, फ्रोझन श्रिंपकडे ढुंकूनही बघायचा नाही. तीन आठवडे जीव टांगणीला. चूक माझीच: हा जगतो शेवाळाच्या थरावर आणि मी काच रोज लख्ख घासत होतो.

आधी मागची काच घासणं बंद केलं. मग बादलीत टाकीचंच पाणी (खारेपणा दाखवणारी सापेक्ष घनता 1.025), एअर पंप आणि दोन दगड, बाल्कनीच्या उन्हात. उडालेलं पाणी रोज आरओच्या पाण्याने भरून काढलं, मीठ न घालता. दहा दिवसांत हिरवा थर धरला. एक दगड टाकीत, दुसरा बादलीत, अशी अदलाबदल. शिवाय बिनमिठाची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा) भिजवून रबरबँडने दगडाला बांधली; आधी टाकीत क्लिपला लावलेली त्याने हुंगलीही नव्हती. चौथ्या दिवशी नोरीच्या कडेला खरवडल्याच्या खुणा दिसल्या. उरलेली नोरी संध्याकाळी काढायची, नाहीतर पाणी बिघडतं.