कार्पेटवरचा गालिचा सरकतो, मधे फुगतो: शेवटी कशाने थांबला

खोलीभर कार्पेट, त्यावर 5 बाय 7 फुटी गालिचा. आठवड्यात तो दाराकडे वीतभर सरकायचा, मधे फुगवटा यायचा आणि नेमका म्हाताऱ्या माणसांचा पाय त्यात अडकायचा. रोज ओढून सारखा करता करता जीव मेटाकुटीला आला.

जाळीदार रबराची मॅट चालली नाही. ती गुळगुळीत फरशीसाठी असते, कार्पेटवर गोळा होते. दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप धुळीनेच निकामी होतो, बेळगावच्या पावसाळ्यात तर लवकरच सुटतो.

कारण कार्पेटच्या लवेत, म्हणजे वर आलेल्या धाग्यांत आहे. कार्पेटवर तळहात फिरवा: एका दिशेने मऊ लागतं, उलट फिरवलं की खरखरीत. लव झुकते तिकडे गालिचा प्रत्येक पावलागणिक तसूभर ढकलला जातो.

उपाय: दाबलेल्या नमद्याचा (फेल्टचा), एका बाजूला रबर असलेला कडक पॅड. जाडी 6 मिमीच्या आसपास, त्याहून मऊ-जाड घेऊ नका, पुन्हा फुगतो. चारही बाजूंनी गालिच्यापेक्षा 2.5 सेमी लहान कापा, नाहीतर कडा उचलतात. आधी कार्पेट व्हॅक्यूमने साफ करा, ओलं असेल तर पूर्ण वाळू द्या. त्यावर पॅड अंथरा. कोपरे वळलेले असतील तर गालिचा उलटा गुंडाळून एक दिवस ठेवा, मग एका टोकापासून उलगडत, हाताने दाबत न्या. लव झुकते त्याच्या विरुद्ध टोकाच्या कडेवर सोफ्याचे पुढचे दोन पाय ठेवा. हा भार सोडू नका, नुसत्या पॅडने सरकणं कमी होतं, थांबत नाही.