गाडीविना जुने इलेक्ट्रिकल भाग तपासताना या चुका टाळा

भंगारात निघालेल्या गाडीतून काढलेला रिले, मोटर किंवा सेन्सर हाती येतो, पण तो बसवून पाहण्यासाठी गाडी समोर नसते. अशा वेळी टेबलावर होणाऱ्या तपासणीतील बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात. भागातून वीज आरपार जाते म्हणजे तो चांगला आहे, असे आपण धरून चालतो. मल्टीमीटरला वाट मोकळी आहे एवढेच कळते. त्या वाटेने पाच-दहा अँपिअर वाहू शकतील की नाही, हे त्याला कळत नाही.

पहिली चूक भाग काढतानाच होते. भाग उचलला जातो आणि त्याचा कनेक्टर जुन्या गाडीतच राहतो. मग जवळजवळच्या उघड्या पिनांना क्रोकोडाईल क्लिप लावताना शॉर्ट होतो आणि चांगला भाग आपल्याच हाताने जळतो. कनेक्टर किमान हातभर वायरीसकट कापून घ्यावा आणि वायरींचे रंग त्याच वेळी लिहून ठेवावेत.

बॅटरी थेट जोडणे ही दुसरी चूक. गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देऊ शकते, त्यामुळे फ्यूजशिवाय काहीही जोडू नये. लहान भागांसाठी मी आणखी एक उपाय आग्रहाने सांगतो: पॉझिटिव्ह वायरीत 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब एकसरीत घालावा. भाग शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो आणि सुमारे पावणेदोन अँपिअरपलीकडे विद्युतप्रवाह जात नाही. भाग ठीक असून थोडाच प्रवाह घेत असला तर बल्ब मंद राहतो किंवा पेटतच नाही. बॅटरीऐवजी नुसता साधा चार्जर वापरू नये, कारण त्याचा दाब (व्होल्टेज) स्थिर नसतो आणि इलेक्ट्रॉनिक भागांना तो मानवत नाही.

सर्वाधिक फसवणूक रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, करतो. 85 आणि 86 या कॉईलच्या पिनांना 12 व्होल्ट दिले की ‘टक्’ असा आवाज येतो, 30 आणि 87 या कॉन्टॅक्टच्या पिनांमध्ये मीटरचा बझर वाजतो आणि रिले चांगल्यांच्या डब्यात जातो. पण बहुतेक मीटरचा बझर काही ओहम रोध असतानाही वाजतो. हेडलाईटचे काम वर्षानुवर्षे केलेल्या रिलेचे झाकण काळजीपूर्वक उघडले, तर कॉन्टॅक्टची टोके काळी पडून खडबडीत झालेली दिसतात. तेथे 0.3 ओहम रोध उरला असेल, तर 4 अँपिअर वाहताना 1.2 व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि दिवा मिणमिणतो. म्हणून 30 आणि 87 यांमधून 55 वॅटचा हेडलाईट बल्ब पेटवावा आणि तो पेटलेला असतानाच त्या दोन पिनांवर मीटर व्होल्टवर लावावा. एकदशांश व्होल्टच्या आसपास वाचन आले तर रिले ठेवावा, अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेले तर टाकून द्यावा. काही रिलेंत कॉईलला समांतर डायोड असतो. त्यांना पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे दिले तर डायोड जळतो, म्हणून झाकणावरील आकृती आधी वाचावी. वर सांगितलेला एकसरीतला 21 वॅटचा बल्ब इथेही उपयोगी पडतो.

मोटरच्या बाबतीत ‘फिरली म्हणजे चांगली’ हा निष्कर्ष घाईचा असतो. खिडकीची काच वर-खाली करणारी मोटर मोकळी फिरते, पण घासलेल्या ब्रशमुळे काच उचलताना अडते. म्हणून तिच्या गिअरवर हाताने नव्हे, लाकडी पट्टीने थोडा विरोध देऊन पाहावे. वायपर मोटरमध्ये मंद आणि वेगवान गतीच्या वायरींखेरीज पार्किंगच्या वायरीही असतात, आणि त्यांपैकी चुकीच्या पिनेला पॉझिटिव्ह लावल्यास थेट अर्थला (निगेटिव्हला) शॉर्ट होऊ शकतो. स्टार्टर नेहमी वाईसमध्ये घट्ट पकडूनच चालवावा, कारण सुटा स्टार्टर सुरू होताना झटक्याने उसळतो. त्याला जाड जंप केबल लागतात. पेट्रोल पंप कोरडा चालवू नये. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडेल अशी जोडणी तर मुळीच करू नये.

सेन्सरबाबतची चूक वेगळ्या प्रकारची आहे. तीन वायरींच्या हॉल सेन्सरचा (चुंबकक्षेत्र ओळखणाऱ्या सेन्सरचा) रोध मोजून काहीच कळत नाही. त्याला आधी वीजपुरवठा द्यावा लागतो आणि पुष्कळदा त्याच्या सिग्नल वायरीला 1 ते 10 किलोओहमचा रोधक पॉझिटिव्हकडे जोडावा लागतो. तो नसेल तर पूर्ण निरोगी सेन्सरही मेलेला वाटतो. पुरवठा 5 व्होल्टचा की 12 व्होल्टचा, हे न तपासता बॅटरी लावू नये. इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर मात्र सोपा: कोमट पाण्यात बुडवून पाणी तापवावे आणि रोध अखंड खाली उतरतो का पाहावे, मध्येच वाचन उडाले तर सेन्सर सदोष आहे.

एअरबॅग आणि सीटबेल्टचा प्रिटेन्शनर (अपघातात पट्टा आवळणारा भाग) यांना कधीही मीटर लावू नये. मीटरचा लहानसा प्रवाहही त्यांतील स्फोटक पेटवू शकतो. नारिंगी वायरींचे, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीचे भागही घरच्या टेबलावर आणू नयेत. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही धोकादायक दाब शिल्लक असू शकतो.

इंजिनाचा कंट्रोल युनिट टेबलावर पुरता तपासता येत नाही, कारण बऱ्याच गाड्यांत तो इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) आणि किल्लीशी जोडलेला असतो. पुरवठा दिल्यावर तो किती प्रवाह घेतो, तापतो का आणि त्याचा 5 व्होल्टचा संदर्भ दाब बाहेर येतो का, एवढेच पाहावे. ते आकडे चिठ्ठीवर लिहून युनिटला चिकटवावेत आणि खाली ‘गाडीवर तपासलेला नाही’ असे स्पष्ट लिहावे.